पांढऱ्या गाडीला पुराचा वास

खोतांनी किल्ली पद्मजाच्या हातावर ठेवायला आणि मी शिंकायला एकच गाठ पडली.

"थांबा!" अण्णा ओरडले. "किल्ली परत घ्या. शिंक झाली."

खोतांनी मुकाट्यानं किल्ली मुठीत घेतली. ते जुन्या गाड्या विकणारे, दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारे. पण शिंकेपुढे त्यांचाही इलाज नव्हता. "बसा पाच मिनिटं," ते म्हणाले. "पाणी प्या सर. मग व्यवहार करू."

मी रुमालात तोंड खुपसून उभा राहिलो. चारचौघांत खोकला आला तरी ओशाळणारा माणूस मी. इथं तर माझ्या नाकानं व्यवहार थांबवला होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मिरजेच्या पुढं, दंडोबाच्या डोंगराच्या अलीकडं खोतांची पत्र्याची शेड होती. रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथं गेलो होतो. मी, माझी मुलगी पद्मजा आणि माझे थोरले भाऊ जिनप्पा, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं. पद्मजाला गाडी घ्यायची होती. सांगलीत फक्त बायकांसाठी मोटार शिकवण्याचा क्लास काढायचा तिनं ठरवलं होतं. शिकवण्याचा परवाना तिनं आदल्या महिन्यात मिळवला होता. नव्या गाडीचा प्रश्नच नव्हता. तिच्या लग्नातल्या पाटल्या विकून जे आलं होतं, त्यात जुनी, साधी, कमी खाणारी गाडी मिळाली तरच क्लास निघणार होता. नाहीतर ती पुन्हा कुणाच्या तरी दुकानात बिलं लिहायला जाणार होती.

अण्णांना हे काहीच पसंत नव्हतं. "सासरहून आलेली मुलगी रस्त्यानं गाड्या फिरवणार, आणि तू बघत बसणार," असं ते मला महिनाभर सुनावत होते. मी उत्तर देत नव्हतो. मी जन्मभर वाचनालयात ग्रंथपाल होतो. कुणाला उत्तर द्यायची वेळ आली की मला ते दुसऱ्या दिवशी सुचतं. शेवटी "निदान फसू तरी नका" म्हणत अण्णाच आमच्याबरोबर आले. ते साखर कारखान्यात वाहन विभागात होते, त्यामुळे गाड्यांतलं त्यांना कळतं, असं घरात धरून चाललेलं.

आणि त्यांनी गाडी पास केली होती. पांढरी, छोटी मारुती. अण्णांनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं, टायरवर लाथ मारली, सायलेन्सरच्या धुरासमोर तळहात धरला. "गाडी चांगली आहे," नाइलाजानं ते म्हणाले.

"चांगली म्हंजे? लोणी हाय नुसतं," खोत म्हणाले. "एका डॉक्टरीणबाईंची गाडी. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. ह्यो पंखा बगा की."

त्यांनी पंख्याचं बटण फिरवलं. आरशाला मोगऱ्याच्या अत्तराची बाटली लटकत होती. पण पंख्यातून जो झोत आला त्यात मोगऱ्याच्या मागं आणखी काहीतरी होतं. मी मागच्या दारातून आत वाकून बघत होतो. सरळ तोंडावर आलं. खोतांनी पंखा बंद करून किल्ली काढली, पद्मजाच्या हातावर ठेवली, आणि मी शिंकलो.

अण्णा आणि खोत शेडच्या सावलीत खुर्च्या टाकून बसले. पद्मजा माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "अप्पा, ही कुठली शिंक?"

"कुठली म्हणजे? सर्दी असेल."

"सर्दीची वेगळी असते. ही पुस्तकांची आहे."

तिचं बरोबर होतं. आदल्या वर्षीच्या महापुरात आमच्या वाचनालयाच्या तळमजल्यावर पाणी माळ्याला टेकलं होतं. पाणी उतरल्यावर आम्ही पुस्तकं बाहेर काढली, पानापानांत रद्दी घालून दोऱ्यांवर वाळत टाकली. दोन महिने मी त्या वासात राहिलो. नदीचा गाळ, कुजलेलं गवत, रॉकेल आणि बंद खोलीचा ओलावा, असं सगळं एकत्र. तेव्हापासून तो वास नाकात गेला की शिंक ठरलेली. घरात सगळे हसायचे. एकदा पाहुण्यांच्या घरी मी शिंकलो तर त्यांच्या पलंगाखालची ट्रंक पुरातली निघाली होती.

"पुराचा वास आहे ना?" पद्मजानं विचारलं.

"मला काय कळतंय गाडीतलं?" मी म्हणालो. "अण्णांनी बघितलीय. खोत म्हणतायत, डॉक्टरीणबाई... उगाच आपण संशय घ्यायचा आणि..."

ती पुढचं ऐकायला थांबली नाही. सरळ गाडीकडं गेली, चालकाच्या जागेवर बसली आणि सीटचा पट्टा ओढायला लागली. आपण नेहमी ओढतो तेवढा नाही. ओढतच राहिली, तो संपेपर्यंत. एरवी आत गुंडाळलेलाच राहणारा शेवटचा भाग बाहेर आला. वरचा पट्टा धुऊन काळाकरकरीत केलेला. शेवटचा हातभर पट्टा मातकट पिवळा. त्यावर वाळलेल्या गाळाची रेघ. तिनं नखानं खरवडली तर भुगा पडला.

"खोतसाहेब," तिनं हाक मारली, "डॉक्टरीणबाईंचा दवाखाना नदीत होता काय?"

खोत उठून आले. पट्ट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून कपाळ पुसलं. "आता तुम्ही सांगलीची माणसं. तुमच्यापुढं काय लपवणार?"

"लपवलंच होतं की."

"लपवलं न्हाई ताई. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

पद्मजाचा चेहरा एकदम बदलला. का, ते खोतांना कळणं शक्य नव्हतं. मला कळलं, आणि अण्णांनाही कळायला हवं होतं. कारण हेच वाक्य आम्ही तिच्या सासरी ऐकलं होतं. जावयाची नोकरी लग्नाआधीच सुटलेली आणि बाटली लग्नाआधीच लागलेली, हे बाहेर आलं तेव्हा अण्णा आणि मी जाब विचारायला गेलो होतो. ते स्थळ अण्णांनीच आणलेलं. तिचे सासरे पानाला चुना लावत शांतपणे म्हणाले होते, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"चला," अण्णा उठले. "उठ पद्मजा. काय रे खोत, गिऱ्हाईक बघून तरी गाडी दाखवावी. पुरातली गाडी सांगलीकराला? विम्याच्या कंपनीनं टोटल लॉस केलेली ना?"

"केलेली," खोत म्हणाले. आता त्यांनी काही राखून ठेवलं नाही. "मालकिणीला कंपनीनं पैसे दिले, गाडी लिलावात काढली, मी घेतली. सगळं वायरिंग नवं घातलंय, इंजिन उतरवून उघडलंय. जुन्या पद्धतीची गाडी हाय, आत कसला कॉम्प्युटर न्हाई. म्हणून तर वाचली."

"ऐकलंस? कंपनीनं टाकून दिलेली वस्तू. अशी वस्तू दारात उभी करायची नसते. लोक काय म्हणतील? जिनप्पाच्या भावाच्या घरात टाकलेली..." इथं अण्णा अडखळले. "गाडी," ते म्हणाले.

पद्मजा गाडीतून उतरली नाही. पट्टा तसाच हातात होता. "अण्णाकाका," ती म्हणाली, "मला कुणी टाकलं नव्हतं. मी आले."

"मी तुझ्याबद्दल कुठं बोललो?"

"मग मी माझ्याबद्दल बोलते." ती खोतांकडं वळली. "खोतसाहेब, आता खरं सांगितलंत, आता बोलू. खालचं कार्पेट काढा. मला पत्रा बघायचाय. आणि मगाशी जी किंमत सांगितलीत ती डॉक्टरीणबाईंच्या गाडीची होती. या गाडीची सांगा."

खोत हसले. त्यांनी कार्पेट काढलं. मी पण वाकून बघितलं, शिंकत शिंकत. तळाचा पत्रा घासून नवा रंग दिलेला होता, एका कोपऱ्यात गंज होता, तो त्यांनी स्वतःच बोटानं दाखवला. मग म्हणाले, "घाट चढवून बगा. मग काय ते ठरवा."

दंडोबाच्या चढावर पद्मजा गाडी चालवत होती, शेजारी खोत, मागं अण्णा आणि मी. अर्ध्या चढावर, जिथं रस्ता वळतो आणि डाव्या हाताला खोल आहे, तिथं तिनं गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. दोन्ही पाय उचलून बाजूला घेतले.

"हे काय करतीस?" अण्णा म्हणाले.

"शिकणाऱ्या बायकांना घेऊन याच चढावर थांबायचंय मला. थांबते का बघू दे."

अण्णा पुटपुटायला लागले, ‘णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं’. मी खिडकीच्या काठाला घट्ट धरलं होतं. मला वाटलं, हिला थांबवायला पाहिजे. मग वाटलं, मी जन्मभर कशाकशाला थांबवलं, ते तरी कुठं नीट झालं? गाडी जागची हलली नाही. पद्मजानं इंजिन चालू केलं, क्लच सोडत सोडत ब्रेक काढला, आणि ती पांढरी गाडी मागं तसूभरही न सरकता वर चढायला लागली.

"ब्रेकचं सामान नवं घालून देणार," ती खोतांना म्हणाली. विचारत नव्हती.

"देतो. आधीचं पण नवंच हाय, पण देतो."

"आणि विक्रीच्या कागदावर लिहून द्यायचं, गाडी पुरातली आहे म्हणून."

खोतांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. "विकणाऱ्याकडनं असं कोण लिहून घेतंय ताई?"

"मी घेते."

किंमत बरीच खाली आली. अण्णा व्यवहारात बसले नाहीत, शेडबाहेर रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. ब्रेकचं सामान घालून होईपर्यंत दुपार झाली.

अण्णा तोवर दहा वेळा घड्याळ बघून झाले होते; त्यांच्या घाईचं कारण वेगळंच होतं. त्या संध्याकाळी जयसिंगपूरहून मगदूम मंडळी पद्मजाला बघायला येणार होती. शांतिनाथ मगदूम, पतपेढीत नोकरीला, बायको जाऊन काही वर्षं झालेली. हे स्थळही अण्णांनीच आणलेलं. पद्मजा "बघू" एवढंच म्हणाली होती. परतीच्या वाटेवर अण्णांनी मला सगळं पढवलं.

"पहिल्या लग्नाचं काढायचं नाही. एक साखरपुडा झाला होता, मोडला, एवढंच मी सांगितलंय."

"अण्णा, अहो पण नांदून आलीय ती. उद्या कळलं तर?"

"उद्याचं उद्या. एकदा गाठ पडली की माणसं गिळतात सगळं. तू फक्त गप्प बस. तुला ते जमतं."

पद्मजा पुढं बसून गाडी चालवत होती. तिनं ऐकलं असणार. आरशात मला फक्त तिचे डोळे दिसत होते, आणि ते रस्त्यावर होते.

मिरजेत तिनं गाडी एका पेंटरच्या दुकानासमोर उभी केली. ट्रक-टेम्पोवर नावं घालणारा माणूस. "क्लासचं नाव घालायचंय," ती म्हणाली. त्यानं दोन्ही दारांवर निळ्या अक्षरांत ‘पद्मजा मोटार क्लास, फक्त महिलांसाठी’ असं सुरेख लिहिलं. मग मागच्या काचेकडं बघत म्हणाला, "हितं काय? आईची कृपा घालू? का गुलाबाचं फूल काढू?"

"लिहा," पद्मजा म्हणाली. "ही गाडी पुरात बुडाली होती. आता चालते."

पेंटरचा ब्रश हवेतच राहिला. "ताई, गाडीवर असं कोण लिहितं? विकताना काय करणार?"

"विकायची नाही."

अण्णा खाली उतरले आणि रिक्षा करून घरी गेले.

जैनांच्या घरी पाहुणे दिवस असतानाच येतात, कारण सूर्य बुडाल्यावर कुणी तोंडात घास घालत नाही. मगदूम मंडळी उन्हं कलायच्या आत आली. शांतिनाथ, त्यांचे काका आणि त्यांची मोठी बहीण. अक्का म्हणत तिला सगळे. स्थूल, मोठ्या कुंकवाची बाई. गाडी दारातच होती, काचेवरचा रंग अजून पुरता वाळला नव्हता. काका चष्मा वर करून ते वाचत उभे राहिले.

"ही गाडी कुणाची?"

"भाड्याची," गाडीच्या दारावरच्या नावाआड उभे राहत अण्णा घाईनं म्हणाले. "या, आत या. जय जिनेंद्र."

माझ्या पत्नीनं शिरा केला होता. ताटल्या आल्या. पाऊसपाणी, कारखान्याचा दर, कुणाच्या कुणाचं कोण, असं बोलणं झालं. शांतिनाथ पायांच्या अंगठ्याकडं बघत बसले होते. मला ते बरे वाटले, माझ्यासारखेच. मग काकांनी चमचा खाली ठेवला.

"मुलीचं आधीचं काही?"

"काही नाही हो," अण्णा म्हणाले. "एक साखरपुडा झाला होता. त्यांच्याकडूनच मोडला. बाकी मुलगी अगदी..."

पद्मजा पाण्याचा तांब्या घेऊन आतल्या दारात उभी होती. ती अण्णांकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

मी वाट बघितली. सकाळी माझ्या नाकानं जे केलं होतं तेच आत्ताही करील, असं मला खरंच वाटत होतं. एक शिंक. सगळे थांबले असते, पाणी प्या म्हणाले असते, बोलणं तिथंच मोडलं असतं आणि मला काही करावं लागलं नसतं. पण खोलीत वेलदोड्याचा वास होता, साजूक तुपाचा वास होता. नाक शांत होतं.

तोंडानंच बोलावं लागलं.

"लग्न झालं होतं," मी म्हणालो. आवाज इतका घोगरा निघाला की काकांनी कानामागं तळवा धरला. म्हणून मला ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. "लग्न झालं होतं. ती नांदली. नवरा पीत होता, त्यांनी आमच्यापासून लपवलं होतं. मग ती निघून आली. तिनं त्याला सोडलं. त्यानं हिला नाही. आणि गाडी भाड्याची नाही. तिची आहे."

अण्णा माझ्याकडं असे बघत होते की जणू कपाटातलं पुस्तक बोललं.

काका उभे राहिले. "हे आम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं."

"तुम्ही विचारलं असतं तर सां..." अण्णा म्हणाले आणि थांबले.

वाक्य तोंडातून निम्मं बाहेर आलं आणि निम्मं तिथंच राहिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पद्मजाकडं बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. चाळीस-पन्नास वर्षांत मी माझ्या भावाला शब्द गिळताना पाहिलं ते त्या एकाच वेळी.

"चला," काका म्हणाले.

"बसा हो जरा," अक्का म्हणाली. "शिरा तरी संपवू द्या. सूर्य आहे अजून." तिनं सावकाश ताटली रिकामी केली, पद्मजाच्या हातून पाणी घेतलं आणि विचारलं, "पाणी कुठवर होतं ग त्या गाडीत?"

"टपापर्यंत."

"आमच्या जनावरांच्या गोठ्यात पण होतं." एवढंच म्हणून ती उठली. दारात शांतिनाथ पहिल्यांदा बोलले. पद्मजाला म्हणाले, "बरं झालं, सांगितलं ते." मग काकांच्या मागून गेले. पुढं त्या घरून होकार आला नाही, नकारही आला नाही. पद्मजानं वाट बघितली नाही. दिवाळीनंतर मात्र अक्का जयसिंगपूरहून एसटीनं यायला लागली, दर मंगळवारी, क्लासला. तिला गिअर कधीच नीट जमला नाही, पण तिनं तिच्या गावातल्या चारजणी आणल्या.

त्या संध्याकाळी अण्णा चपला घालून उंबऱ्यात थांबले. मला वाटलं, आता ऐकवणार. ते काचेवरच्या अक्षरांकडं बघत राहिले. "‘बुडाली’तला ‘डा’ वाकडा काढलाय त्यानं," म्हणाले आणि चालायला लागले.

पद्मजानं किल्ली माझ्यापुढं धरली. "चला अप्पा. पहिला क्लास."

"फक्त महिलांसाठी लिहिलंयस की."

"आजच्या दिवस चालेल."

"मला नाही जमणार पद्मजा. या वयात. आणि सगळी गल्ली बाहेर बसलीय, लोक बघतील."

"बघू देत. त्यासाठीच लिहिलंय."

मी चालकाच्या जागेवर बसलो. समोरच्या ओट्यावर गप्पा थांबल्या होत्या. तिनं क्लच कुठला, ब्रेक कुठला ते सांगितलं. मी किल्ली फिरवली, इंजिन लागलं. हात कुठं ठेवावा कळेना म्हणून समोरचं पहिलं दिसलं ते बटण फिरवलं. ते पंख्याचं होतं. गाळाचा, गवताचा, ओल्या पुस्तकांचा तो वास थेट तोंडावर आला आणि मला अशी सणसणीत शिंक आली की ओट्यावरचं एक पोर दचकून रडायला लागलं.

"शिंक झाली," समोरच्या काकू ओरडल्या. "थांबा हो, पाणी प्या!"

पद्मजानं माझ्याकडं बघितलं. "थांबायचं, अप्पा?"

"नाही," मी म्हणालो, आणि क्लच सोडला.